बाबा काय म्हणतात

बाबांच्या उजव्या हातावर बाही चढवायला फुमिएला एरवी पाच मिनिटं पुरायची. आज पंधरा मिनिटं झाली तरी ती तिथंच. बाबांचा हात नेहमीसारखाच लोंबत होता, बाही दोनदा उलटी धरली होती ती तिनं.

वर्षाचा शेवटचा दिवस. पाठीवर आणि बाह्यांवर मिनेगिशी घराण्याचं पांढरं चिन्ह असलेला काळा किमोनो बाबांनी, म्हणजे कान्जींनी, याआधी घातला होता तो शुन्साकुदादाच्या लग्नात. एकवीस वर्षांत तो किमोनो होता तसाच राहिला होता, आतला माणूस मात्र निम्मा झाला होता. पट्टा दोनदा गुंडाळूनही सैल पडत होता.

"आई, जरा हे टोक धर."

सादाए स्वयंपाकघरातून आली. नव्या वर्षाच्या डब्यांसाठी काळे सोयाबीन पहाटेपासून पाकात शिजत होते, त्याचा वास तिच्या बाह्यांना लागला होता.

"एवढं घट्ट आवळू नकोस," ती म्हणाली. "दिव्यांखाली बसायचंय त्यांना. श्वास तरी घेऊ दे."

"हि... चं," कान्जी म्हणाले.

"बघ. सकाळपासून हेच चाललंय. न्हाणीत तेच, जेवताना तेच. काय म्हणतात काय हे?"

"चहा हवाय त्यांना."

"चहा दोनदा दिला." सादाएनं पट्ट्याचं टोक आत खोचलं आणि लेकीकडे पाहिलं. "दोन्ही वेळा प्याले आणि पुन्हा तेच म्हणाले."

फुमिए पट्ट्याच्या चुण्या सारख्या करत राहिली. बाबांचं बोलणं घरात फक्त तिला कळतं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून डॉक्टर, पाहुणे, शेजारी, प्रत्येक जण आधी कान्जींचं ऐकून घ्यायचा आणि मग फुमिएकडे वळून विचारायचा, काय म्हणतात? ती सांगेल तेच त्यांचं म्हणणं.

गाण्याचंही तसंच झालं होतं. अठरा वर्षं कान्जी गुणगुणायचे आणि फुमिए शेजारी बसून सूर कागदावर उतरवायची. ते रुग्णालयात असताना ध्वनिमुद्रिका कंपनीची माणसं आली. चिझुरुच्या नव्या गाण्यासाठी गुरुजींनी काही लिहून ठेवलंय का, असं त्यांनी विचारलं. चिझुरु म्हणजे शुन्साकुदादाची मुलगी; तिचं सगळं कामकाज तोच बघायचा. तिची पहिली दोन गाणी पडली होती आणि तिसरं पडलं तर कंपनी तिला सोडणार होती. "आहे एक," फुमिए म्हणाली. "स्वच्छ प्रत करायची राहिलीय." मग अकरा दिवसांत तिनं ते जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं आणि वर सवयीनं नाव घातलं, कान्जी मिनेगिशी.

'खाडीपलीकडचं घर' टॅक्सीत वाजलं, नूडल्सच्या दुकानांत वाजलं, शाळेतल्या मुलींच्या तोंडी बसलं. रुग्णालयाच्या व्यायामखोलीतल्या रेडिओवर लागलं तेव्हा कान्जींनी ते फुमिएच्या तोंडाकडे बघत पूर्ण ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ते त्यांना आवडलं की त्यांचा अपमान झाला, हे तिला आजवर कळलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

आणि आता वर्षातला सर्वांत मोठा गीत पुरस्कार सोहळा. संगीतकाराचं पारितोषिक कान्जी मिनेगिशींना, हे आठवड्यापूर्वी कळवलं होतं. महापुरस्कार दहा गाण्यांतून एकाला, तो आज संध्याकाळी, सगळा देश दूरचित्रवाणीसमोर बसलेला असताना जाहीर व्हायचा.

"हि-चं," कान्जी पुन्हा म्हणाले. या वेळी आधीपेक्षा स्पष्ट. ते सराव करत होते.

"फुमिए," सादाए हळूच म्हणाली, "मी तुझ्या टेबलावर रोज रात्रीचा चहा आणून ठेवत होते. अकरा दिवस. मला काही दिसत नव्हतं असं समजू नकोस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

शुन्साकुनं थिएटरच्या मागच्या बाजूला दुपारी चारपर्यंत चाळीस लोकांना वाकून नमस्कार केला होता. ज्येष्ठ गायकांच्या खोल्यांत चिझुरुला फिरवून आणलं, वाद्यवृंदाच्या लोकांना संत्र्यांची पेटी दिली, तीन पत्रकारांना तीच गोष्ट तीन वेळा सांगितली: आजोबांचं गाणं, नातीचा गळा, आजारावर मात. चौथ्याला सांगायला तोंड उघडलं तर फुमिएनं त्याची बाही ओढली आणि त्याला जिन्याखाली नेलं. तिथं पडद्याचे गुंडाळे रचले होते.

"दादा, बाबांना वर नेऊ नकोस. पारितोषिक मी घेते."

"डोकं फिरलंय का तुझं? लोक गाण्यापेक्षा त्यांना बघायला बसलेत."

"ते बोलणार आहेत."

"बोलू देत की. दोन शब्द बोलले तरी बायका रडतील."

"काय बोलणार आहेत ते मला माहीत आहे." ती थांबली. "गाणं त्यांचं नाही. मी लिहिलंय."

शुन्साकुनं सिगारेट पेटवली. काडी विझवायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला सूर-बीर कळत नाहीत, पण माझं बालपण त्या माणसाच्या पियानोखाली गेलंय. बाबांचं गाणं कुठं वळणार ते मला पोटात कळतं. हे तिथं वळलं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललीस?"

वरून वाद्यं जुळवल्याचा आवाज येत होता. शुन्साकुला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो पडद्यांकडे बघत बोलू लागला. "नाव खोटं निघालं तर गाणं यादीतून जाईल. आज, सगळ्यांसमोर. चिझुरु वीस वर्षांची आहे, फुमिए. हे गाणं गेलं तर तिला पुन्हा कुणी उभं करणार नाही. बाबा काय, अर्धे शब्द बोलतील. ते कुणाला कळणार आहेत? सूत्रसंचालक तुलाच विचारेल. तू सांगायचं, सर्वांचे आभार. संपलं."

"आणि माझं काय?"

"पुढच्या गाण्याला तुझं नाव घालू. शब्द देतो."

"पुढच्या."

"आजची संध्याकाळ निभावून ने फक्त."

"बरं," फुमिए म्हणाली. आई असंच बरं म्हणायची, आयुष्यभर, आणि त्यानंतर घरात आठवडाभर शांतता असायची. शुन्साकु आणखी काही सांगायला वळला. पण तोवर कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

*

कान्जींच्या डोक्यात वाक्य तयार होतं. अगदी सरळ, साधं वाक्य. हे गाणं माझ्या मुलीचं आहे. डोक्यात ते कुठंही अडत नव्हतं. घशापर्यंत येता येता त्याचे तुकडे व्हायचे आणि जिभेवर दोनच उरायचे. चार महिने त्यांनी ते दोन एकटे असताना घोटले होते.

पहिल्या रांगेत बसून ते आपल्या मांडीवरच्या मेलेल्या हाताकडे बघत होते. सत्तरीला टेकलेले, चारशे गाणी केलेले कान्जी मिनेगिशी. ते गाणं रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना मुलीचा राग आला नव्हता. हेवा वाटला होता. हेवा वाटला म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि तेव्हापासून अभिनंदनाची प्रत्येक तार, प्रत्येक फुलांची टोपली आली की त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं व्हायचं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. फुमिएनं त्यांचं कोपर धरलं.

"बाबा," ती कानाशी म्हणाली, "नुसती मान हलवा. बाकी मी बघते."

*

चिझुरु व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, नामांकन मिळालेल्या गायकांच्या ओळीत उभी होती. गाणं पाठोपाठ तिलाच म्हणायचं होतं. आजोबा तीन पायऱ्या चढून वर यायला एवढा वेळ लागला की टाळ्या एकदा थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

सूत्रसंचालकानं काचेची ढाल आजोबांच्या डाव्या हातात दिली आणि ध्वनिक्षेपक पुढे केला. "गुरुजी, कसं वाटतंय आज?"

"हि... चं."

सूत्रसंचालक हळवं हसला. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. "फुमिएसान, गुरुजींची एवढी सेवा तुम्ही केलीत. सांगा ना, बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात," आत्या म्हणाली, "सर्वांचे मनापासून आभार."

टाळ्या झाल्या. आजोबांनी ढाल आत्याच्या हातात कोंबली, बगलेतली काठी मोकळी केली आणि जमिनीवर आपटली. एकदाच.

"नाही."

हा शब्द सगळ्यांना कळला. टाळ्या विरत गेल्या. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. खाली कॅमेऱ्यांमध्ये बसलेला माणूस बोट गरगर फिरवत होता, आटपा, आटपा.

"हि-चं," आजोबा म्हणाले. त्यांच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. "गा-णं. हि-चं."

सूत्रसंचालकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं तेच पुन्हा विचारलं. "बाबा काय म्हणतात?"

आत्यानं खाली तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथं चिझुरुचे वडील बसले होते. ते अगदी बारीक, कॅमेऱ्यात दिसणार नाही इतपत मान हलवत होते. मग आत्यानं चिझुरुकडे पाहिलं. काय चाललंय याची चिझुरुला काहीच कल्पना नव्हती. आत्या घाबरलीय एवढंच तिला कळलं, म्हणून धीर द्यायला ती हसली.

"बाबा म्हणतात, हे गाणं त्यांचं नाही."

बाबा झोपलेत, नंतर या, असं पाहुण्यांना सांगावं तशा आवाजात आत्या बोलत होती.

"ते आजारी पडल्यावर मी ते लिहिलं आणि वर त्यांचं नाव घातलं. त्यांना विचारलं नव्हतं. चूक माझी आहे. गाणाऱ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दोष देऊ नका."

तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ तशीच राहिली.

शेवटी वाद्यवृंदाच्या म्हाताऱ्या संचालकानं कुणाच्या खुणेची वाट न बघता हातातली छडी उचलली. व्हायोलिनं सुरू झाली. चिझुरुचे पाय आपोआप पुढे गेले. पहिल्या ओळीला ती अर्धी मात्रा उशिरा आली. पुढचं सगळं तिच्या गळ्यानं म्हटलं, ती स्वतः तिथं नव्हती.

महापुरस्कार दुसऱ्याच गाण्याला मिळाला. परीक्षक त्याआधी वीस मिनिटं बंद दाराआड होते. आत काय झालं, 'खाडीपलीकडचं घर' आधी कितव्या जागी होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि कधी सांगणारही नव्हतं. चिझुरुनं जिंकणाऱ्या गायकासाठी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या.

मागच्या बोळात आत्या भिंतीला टेकून उभी होती. ढाल आयोजकांनी परत नेली होती, 'पुनर्विचारासाठी'.

"मला आधी सांगायचंस ना," चिझुरु म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुलाही खोटं बोलावं लागलं असतं."

"आणि आता? मी वर उभी राहून हसत होते, आत्या. सगळ्या देशानं बघितलं. तुझं काय चाललंय ते कळेना आणि मी मूर्खासारखी हसत होते."

"तू हसलीस म्हणून मला बोलता आलं."

"ते माझ्या डोक्यावर नको टाकूस." चिझुरुचा आवाज फुटला. "एक दिवस थांबता आलं नसतं का तुला? एकच दिवस."

आत्यानं खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "आज एकदा खोटं सांगितलं ना मी, बाबांसमोर, त्यांच्याच नावानं. दुसऱ्यांदा तोंडच उघडेना."

शुन्साकु आला. बारा जणांसमोर वाकून माफी मागता मागता त्याच्या केसांची बट कपाळावर आली होती. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "गाडी आलीय, बाबांना बसवा. आणि कंपनीचं कार्यालय चार तारखेला उघडेल. तोवर कुणी माझ्याशी बोलू नका." त्यानं चिझुरुच्या खांद्यावर कोट टाकला आणि तिला घेऊन गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

*

नव्या वर्षाच्या सकाळी सादाएनं फोनवर दोन उशा ठेवल्या आणि वर रजई टाकली. तरी तो आतल्या आत गुरगुरत राहिला. शुभेच्छापत्रांचा गठ्ठा नेहमीच्या वेळेला आला. सगळी पत्रं महान संगीतकार कान्जी मिनेगिशींच्या नावानं, आठवड्यापूर्वी टाकलेली. वर्तमानपत्र तिनं वाचलं, घडी घातली आणि भाताच्या डब्याखाली सरकवलं.

शुन्साकु दरवर्षी बायकामुलीला घेऊन दहाला यायचा. साडेअकरा झाले. तीनमजली डबे तसेच बंद होते. ती सुपात घालायच्या तांदळाच्या चिकट लाडवांचे कातरीनं तुकडे करत बसली, अंगठ्याच्या नखाएवढे. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोठा तुकडा यांच्या घशात अडकला तर रुग्णालयात पोचेपर्यंत खेळ संपेल. ती एकेक तुकडा पुन्हा कापत होती. फुमिए काल आल्यापासून तिच्या खोलीत होती आणि दाराबाहेर ठेवलेला चहा गार झाला होता.

बाराच्या सुमाराला चिझुरु आली. एकटीच, डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले.

"बाबा येणार नाहीत म्हणाले. आई म्हणाली, तू जा."

"बरं केलंस. कंपनीचं काही?"

"कळलं नाही. चार तारखेला बोलावलंय." ती चुलीजवळ बसली. "आजी, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून."

सादाएनं वाडगा पुढे सरकवला. तेवढ्यात पियानोच्या खोलीतून सूर आले. दोनच. थांबून पुन्हा तेच दोन. एक वर्ष आणि वर दहा महिने त्या पियानोला फक्त फडकं लागलं होतं.

फुमिएचं दार उघडलं. ती बोळातून धावत गेली. सादाए आणि चिझुरु मागोमाग गेल्या, पण दाराशीच थांबल्या.

कान्जी डाव्या हाताच्या एका बोटानं वाजवत होते. "इ-थं," ते म्हणाले. "लव-कर."

"काय लवकर, बाबा?"

त्यांनी पुन्हा वाजवलं. मग तेच, पण मध्ये थांबून, वरचा सूर एक मात्रा पुढे ढकलून. आणि फुमिएकडे पाहिलं. चिझुरुला आधी कळलं. "दुसऱ्या कडव्यातलं," ती पुटपुटली. "चढ लवकर येतो म्हणतायत. तो वाट बघून यायला हवा."

फुमिएचा हात सवयीनं पियानोवरच्या पेन्सिलीकडे गेला. ते म्हणतील तसं उतरवून घ्यायला. तो मध्येच थांबला. ती खाली बसली, बाबांचं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं वाजवलं.

"नाही. तिथंच हवा तो," ती म्हणाली. "वाट बघायला लावली तर गाण्यातली ती बाई रडकी वाटते. ती रडकी नाहीये."

"नाही," कान्जी म्हणाले.

"हो."

"ना-ही."

"बाबा, चारशे गाण्यांत तुम्ही प्रत्येक वेळी वाट बघायला लावलीत. निम्मी तर मीच लिहून घेतलीत."

कान्जींचा चेहरा लाल झाला. सादाएला वाटलं, आता पुन्हा काही होतंय की काय, आणि तिनं चौकट घट्ट धरली. पण ते हसत होते. अर्ध्या तोंडानं, आवाज न करता.

"चिझुरु," फुमिए मागं न बघता म्हणाली, "दोन्ही म्हणून दाखवतेस? आधी त्यांचं."

चिझुरु जागची हलली नाही. तिचा राग गेला नव्हता, तो तिच्या खांद्यांत दिसत होता. मग तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि आत गेली.

फाटकाची घंटा वाजली. पत्रकार असणार, असं म्हणत सादाए हात पुसत बाहेर गेली. दारात शुन्साकु होता. दाढी न केलेला, कालचाच कोट.

"चिझुरुला न्यायला आलोय," तो म्हणाला.

"ती गातेय. संपेपर्यंत थांब."

आतून फुमिएचा चढलेला आवाज आला, मग कान्जींचा तुटका, मग पुन्हा तेच दोन सूर.

"कोण भांडतंय?"

"संगीतकार," सादाए म्हणाली. "दोघं."

ती सुपाकडे बघायला निघून गेली. स्वयंपाकघरातून तिला त्याची पाठ दिसत होती. तो उंबऱ्याशी, बुटांसकट, भिंतीला हात लावून उभा होता. चिझुरुनं आजोबांचं कडवं म्हटलं. मग आत्याचं. शुन्साकु खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.